नीट निजवलेली टाचणी

१२ जानेवारी, सोमवार

ही वही गुजरीतल्या, आमच्या सोनारपेठेतल्या, सराफाने नव्या वर्षाची भेट म्हणून दिली. चाळीस वर्षे मी त्यांच्याकडचे दागिने रेशमात गाठवते. साज, ठुशा, बोरमाळा, सगळ्यांचे मणी माझ्या बोटांतून गेले. आणि दर जानेवारीला ते मला वही देतात. मला, धोंडुबाईला, जिला 'ध'चं पोट कुठल्या बाजूला असतं तेही ठाऊक नाही. आजवर त्या वह्यांत मी रेशमाच्या लडी दाबून ठेवल्या. यंदा राग दाबून ठेवायचा आहे.

लिहिते आहे क्रांती, माझी नात. आईबाप कागलला, ही शिकायला माझ्याकडे. ती माझ्या 'हाय'चं 'आहे' करते आणि 'न्हाय'चं 'नाही'. करू दे, शिकलेल्या हाताला तेवढी खाज असायचीच. पण गाळायचं काही नाही. त्यावर माझी युक्ती आहे. एक गोष्ट सांगून झाली की मी काळ्या रेशमाला एक गाठ मारते. लिहून झालं की ती वाचून दाखवते आणि मी गाठी चाचपत जाते. गाठ उरली तर पोरीने काहीतरी गिळलं. दर दिवसाचा दोरा त्या पानात.

आज तिचे विश्वजित सर घरी आले. कॉलेजात किडामुंगीचं शास्त्र शिकवतात, क्रांती दोन वर्षं त्यांच्या हाताखाली आहे. बूट घालून थेट सतरंजीपर्यंत आले. खिशातून डबी काढली, डबीतून कापूस, कापसातून एक खडा. मधाच्या रंगाचा, लिंबाएवढा, हातात घेतला तर रिकाम्या काडेपेटीसारखा हलका. आत एक किडा. सुईसारखं अंग, चार पंख पाठीवर मिटलेले.

क्रांती म्हणाली, ही टाचणी, चतुराची धाकटी बहीण, ओढ्याकाठच्या गवतावर बसते ती. झाडाच्या चिकात अडकली आणि चिकाचा पुढं दगड झाला. तृणमणी म्हणतात त्याला. ब्रह्मदेशातला आहे, सरांनी जयपूरच्या एका व्यापाऱ्याकडून घेतला. टाचणीचं वय नऊ कोटी नव्वद लाख वर्षं.

मी विचारलं, "मोजली कुणी?"

सर हसले. म्हणाले, "मावशी, हे तुमच्या डोक्यावरून जाईल. तुम्ही फक्त चांदीच्या कड्यात बसवून रेशमाच्या गोफात बांधून द्या. कार्यक्रम पंधरा फेब्रुवारीला आहे, पेपरवाले येणार आहेत."

ही जात जगात आजवर कुणी पाहिलेली नाही म्हणे. सरांचं आणि क्रांतीचं नाव घालून लेख परदेशी मासिकाकडे गेला आहे. छापून आला की जूनपासून क्रांतीला कॉलेजात शिकवायची जागा, असा सरांचा शब्द. जाताना तिला बजावलं की खड्यावर कसलीही तपासणी करायची नाही, ओरखडा आला तर बघ. चहा अर्धा ठेवून गेले.

माझ्या डोक्यावरून आजवर काय काय गेलं ते आठवत बसले. कावळे गेले, विमानं गेली. बाकी फार काही गेलेलं नाही. अर्धा चहा मात्र लक्षात राहील.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. तीळगूळ झाला, गोड बोलणं काही झालं नाही.

क्रांतीने लॅपटॉपवर त्या टाचणीचे फोटो मोठे करून दाखवले. पंखांवर जाळी, सराफाच्या कारागिरालासुद्धा जमणार नाही अशी. मी बराच वेळ बघितलं आणि मला खटकलं ते सांगितलं.

माझं माहेर आजऱ्याचं. काजूच्या झाडाला कोयता लागला की डिंक गळतो. आम्ही पोरी तो काढायला जायचो तेव्हा त्यात मुंग्या, माश्या, कधी टाचण्याही अडकलेल्या दिसायच्या. अडकलेला जीव कधी नीट बसत नाही. एक पाय वर, एक तुटलेला, पंख चुरगळलेला, आणि मागे त्याने जीव खाऊन ओढलेल्या रेघा. हिचे सगळे पाय पोटाशी. पंखांना इस्त्री केलेली. मरताना एवढी शिस्त कुणाला सुचते? "हिला कुणीतरी नीट निजवलीया," मी म्हणाले.

क्रांती हसली. मग हसायची थांबली. मग विचारलं, "आज्जी, तू जुने मणी गाठवायच्या आधी धुतेस कसे?"

सांगितलं. आधी रिठ्याचं पाणी, मग स्पिरिटचा बोळा, त्याशिवाय मी दोऱ्यात काही ओवत नाही. बोरमाळेच्या मण्यांत लाख भरलेली असते, तिला स्पिरिट दाखवायचं नाही, लाख चिकट होते. पण शेजारच्या रशिदाच्या आजोबांची तसबीह, जपाची माळ आहे, हजहून आणलेली, पिवळ्या मण्यांची. त्या मण्यांना रशिदा कहरुबा म्हणते. क्रांती म्हणाली, कहरुबा आणि तृणमणी एकच. ती माळ मी दोनदा गाठवली, दोनदा स्पिरिटने पुसली. केसभर फरक नाही.

तिने पुन्हा विचारलं, चिकट व्हायला किती वेळ लागतो. मी म्हणाले, अगं, तू प्राध्यापक व्हायची हायस का माझ्यासारखी पटवेकरीण? तिने जेवताना पोळी तशीच ठेवली. हिच्या वयात मला भूक लागत नव्हती असा एक दिवस आठवत नाही.

२० जानेवारी, मंगळवार

लिही. जसं झालं तसं लिही.

आज सकाळी चांदीचं कडं तयार होऊन आलं. तबकात कडं, गोफ, खडा, स्पिरिटची बाटली. मी रिठ्याच्या पाण्यात खडा धुतला, पंच्याने टिपला आणि स्पिरिटचा बोळा घेऊन चोळायला लागले. हाताने चाळीस वर्षं जे केलं तेच केलं.

बोळा चिकटला. कापसाचे तंतू खड्याला धरून बसले. ते काढायला अंगठा लावला तर अंगठाही धरला. सोडवला तेव्हा खड्याच्या पाठीवर माझा अंगठा उठलेला, रेशनच्या कार्डावर उठतो तसा, रेघ न् रेघ. पंखाच्या बाजूला मोतीबिंदूसारखा ढग. चांदीचं कडं बाजूला तसंच.

मी क्रांतीला हाक मारली. ती आली, खडा घेतला आणि पहिल्यांदा काय केलं तर नाकाशी धरला. डोळे मिटले. मी म्हणाले, अगं ओरड की माझ्यावर. ओरडली नाही. धक्का बसला असेल. नंतर मोरीत जाऊन नळ सोडून रडली, नळाच्या आवाजाखाली मला ऐकू येत नाही असं तिला वाटतं.

नऊ कोटी नव्वद लाख वर्षं. भूकंप सोसले, पूर सोसले आणि धोंडुबाईचा एक बोळा सोसवला नाही. ह्या हाताने एक मणी कधी फोडला नाही. दोन वर्षांची पोरीची मेहनत, जूनची जागा, सगळं दोन बोटांत चिकटवून टाकलं. मी कुणावर चिडू? सरांवर चिडते. असला नाजूक जिन्नस गाठवायला देतात होय? सराफावर चिडते. त्याने कडं वेळेवर का दिलं?

आज वाचून दाखवू नकोस. ऐकवणार नाही मला.

२२ जानेवारी, गुरुवार

आज रशिदा लिहिते आहे. शाळामास्तरीण होती, आता रिटायर. तिचा हात मोठा आहे, पान लवकर संपेल. संपू दे.

क्रांतीने काल सरांना फोनवर सांगितलं. आज सकाळी ते आले. आले तसे जिन्यापासून आवाज. क्रांती भिंतीला टेकून उभी, रशिदा माझ्या शेजारी बसलेली. सर खडा बघून म्हणाले, अडाणी बाईच्या हातात दिला ही माझी चूक, जगात एकच असलेली गोष्ट या बाईने कापसाने पुसून टाकली. गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाले. समोरच्या गॅलरीत दोन डोकी आली.

मी ऐकून घेतलं. चूक माझी होती, ऐकायला पाहिजे. पण 'अडाणी' तिसऱ्यांदा आलं तेव्हा माझ्या डोक्यात एक दिवा लागला, आणि मला माझीच लाज वाटली की तो दोन दिवस आधी का लागला नाही.

मी रशिदाकडे तसबीह मागितली. ती म्हणाली, "आक्का, जपाच्या मण्यांना पुन्हा स्पिरिट?" मी म्हणाले, लगेच पाण्याने धुवून देते. ती म्हणाली, "घ्या. खऱ्याला कशाचं भ्या." एक मणी धरला, बोळा ओला केला, शंभर आकडे मोजायला रशिदाला सांगितलं. चोळला. कोरडा, लख्ख. मग त्याच बोळ्याने सरांच्या खड्याचा दुसरा कोपरा चोळला. रशिदा वीसवर पोचली नव्हती तोवर बोट चिकटलं. नाकाशी धरला तर धुपाचा वास. आजऱ्याच्या रानात धुपाच्या झाडाची राळ मिळते, देवापुढे जाळायची. तसाच.

"सर," मी म्हणाले, "माझी चूक एकच झाली. तुम्ही खरा म्हणालात आणि मी इस्वास ठेवला."

सरांनी बोट लावून बघितलं. मग खाली बसले. बसण्याआधी बूट काढले, हे रशिदा, ठळक लिही. मी 'मावशी'ची 'आजी' झाले. आवाज लोण्यासारखा. म्हणाले, झालं ते झालं, फोटो आधीच काढलेले आहेत, लेख गेलेला आहे. गुजरीतून पॉलिश करून घेतलं की वरचा थर जाईल, अंगठाही जाईल. ही गोष्ट या खोलीतच राहू द्या. "लेखावर क्रांतीचंही नाव आहे आजी. जूनची जागा आहे."

चहा सगळा प्यायले.

मी क्रांतीकडे बघितलं. आता बोलेल, आता बोलेल. ती फरशीकडे बघत होती. फरशीवर काही लिहिलेलं असतं तर मी समजले असते, वाचते आहे.

सर गेले. मी तिला म्हणाले, हा माणूस खोट्याला पॉलिश करायला निघालाय आणि तुझ्या तोंडात मूग? ती पिशवी भरून कागलला बापाकडे निघून गेली. कृष्णात, माझा लेक, पंचतारांकित एमआयडीसीत फाउंड्रीत आहे. त्याला फोन केला तर म्हणतो, आई, तिच्या नोकरीच्या आड येऊ नकोस. मी म्हणाले, लेका, तुझ्या फाउंड्रीत साच्यात पोकळी राहिली तर वरून रंग मारून पाठवता काय? त्याने फोन ठेवला. रंग मारत असावेत.

२५ जानेवारी, रविवार

क्रांतीचा फोन नाही. मीही केला नाही. माझ्याकडे राग भरपूर आहे, कुणाकडून उसना आणायचा नाही.

दुपारी रशिदाला म्हणाले, वही पहिल्यापासून वाच. मी प्रत्येक पानातला दोरा काढून चाचपत बसले. पहिल्या दिवसाच्या गाठी जुळल्या. संक्रांतीच्या जुळल्या. वीस तारखेच्या पानावर गाठी सात आणि गोष्टी सहा. रशिदाने पुन्हा वाचलं. सहाच.

कडं आलं, खडा धुतला, बोळा चिकटला, अंगठा उठला, पोरीने वास घेतला, ती रडली. मग सातवी कुठली? मी डोळे मिटून हात तबकावर ठेवला तेव्हा आठवली. त्या सकाळी मी सांगितलं होतं की माझी स्पिरिटची बाटली आदल्या आठवड्यात संपली होती. नवी क्रांतीने आणली. न सांगता आणली. तबकात खड्याच्या शेजारी तिनेच ठेवली, झाकण सैल करून, माझ्या बोटांना त्रास नको म्हणून. ते मी बोललेलं मला पक्कं आठवतं. तिने लिहिलं नाही.

मी म्हणाले, विसरली असेल. सरांनी जाब विचारला तर बाटली कुणाची हे निघू नये म्हणून गाळलं असेल. घाबरट आहे.

रशिदा चष्मा काढून पुसत बसली. पस्तीस वर्षं पोरांच्या वह्या तपासलेली बाई, काहीतरी दिसलं की चष्मा पुसते. मी विचारलं, काय ते बोल. म्हणाली, "आक्का, भिणारी पोर बाटली लपवती. झाकण सैल करून ठेवत न्हाय."

तिला घरी पाठवलं. मग एक ठुशी गाठवायला घेतली ती तीनदा उसवली. शेवटी हे लिहायला रशिदालाच परत हाक मारली.

२८ जानेवारी, बुधवार

क्रांती आली. दारातच मी तिच्या हातात वही दिली आणि वीस तारखेचं पान काढून दिलं. दोरा समोर धरला.

"सात हायती," मी म्हणाले. "सातवी वाच."

ती चपला न काढता उभी राहिली. मग म्हणाली, "आज्जी, मला संक्रांतीलाच कळलं होतं. तू पायांचं बोललीस तेव्हाच. मग मी फोटो पुन्हा बघितले. पंखाच्या मुळाशी सांधा आहे, दोन तुकडे चिकटवल्याचा. आत्ताची टाचणी आहे, आपल्या ओढ्यावरची असावी तशी. सरांपुढं तीनदा तोंड उघडलं. तीनदा म्हणाले, तपासणी करायची नाही."

"म्हणून बाटली माझ्या तबकात ठेवलीस."

"तुझा हात थांबणार न्हाय हे म्हाईत होतं." शाळेत गेल्यापासून माझ्याशी 'आहे-नाही' बोलणारी पोर एका दमात 'न्हाय'वर आली.

मी आयुष्यात पुष्कळ चिडले. नवऱ्यावर, सासूवर, तोलून सोनं देणाऱ्या आणि न तोलता बोलणाऱ्या सराफांवर. पण असा राग कधी आला नव्हता. दोन दिवस मी ह्या हातांकडे बघून जेवले नाही. मी म्हणाले, सोळा वर्षं शाळेत जाऊन तुला एक 'नाही' लिहिता आलं नाही, आणि जिला अक्षर येत नाही तिच्या हातून ते लिहून घेतलंस? मला सांगितलं असतंस तर मी दारात उभी राहून, सरांच्या देखत, बाटलीभर ओतलं असतं. मला न सांगता का? माझ्यावर ओरडून घेतलंस. गल्लीला ऐकवलंस. आणि वर मोरीत रडलीस, नळाचं पाणी घालवून.

ती म्हणाली, चुकले. मी म्हणाले, ते वहीत लिही, माझ्या शब्दांत नको, तुझ्या.

(सातवी गोष्ट: बाटली मी आणली. मी ठेवली. आज्जीला सांगितलं नाही. तिच्यावर सर ओरडत होते तेव्हा गप्प राहिले. क्रांती.)

मग तिने फोनवर लिहिलेलं दाखवलं. कागलमध्ये तीन दिवस तेच करत होती. परदेशी मासिकाला पत्र, लेख मागे घेतो म्हणून. बापाने नको म्हटलं, तरी लिहिलं. मला बरं वाटायला लागलं होतं, तेवढ्यात तिने मराठीत करून वाचून दाखवलं: घरातील वृद्ध व निरक्षर व्यक्तीकडून नमुना अनवधानाने खराब झाला, त्यामुळे संशोधन पुढे नेता येत नाही.

मी तिच्या हातातला फोन काढून घेतला. तो उलटा धरला होता असं ती नंतर म्हणाली.

"खराब झाला न्हाय," मी म्हणाले. "तपासला. तपासला आणि खोटा निघाला, असं लिही. कशानं तपासला ते लिही. कुणी तपासला ते लिही, नावानिशी. निरक्षर घालायचं असंल तर घाल, पर त्याच्याआधी चाळीस वर्षं मणी पारखती हे घाल."

तिने पुसलं, पुन्हा लिहिलं. सहा वाक्यं. मी सहा गाठी मारल्या. तिने वाचलं, मी चाचपलं, जुळलं. मग तिने अंगठ्याने पडद्यावर दाबलं आणि पत्र गेलं. एवढं शिकूनही शेवटी अंगठाच की.

जूनची जागा त्याच अंगठ्याने गेली, हे दोघींना माहीत होतं.

३ फेब्रुवारी, मंगळवार

मासिकाचं उत्तर आलं. दोन ओळी, आभार आणि लेख काढल्याचं. सरांचा फोन आला, तो दोन ओळींचा नव्हता. जूनच्या जागेसाठी दुसऱ्या कुणाला तरी शब्द दिला आहे. शब्द द्यायला सरांना काही खर्च येत नाही.

सरांचं काही बिघडलं नाही. कार्यक्रम रद्द झाला, कारण 'तांत्रिक' म्हणे. जयपूरचा व्यापारी आणखी कुणाला तरी असलाच खडा विकत असेल. माझा राग गेलेला नाही आणि मी त्याला घालवतही नाही. क्रांती परवापासून राधानगरीला जाते आहे, ओढ्यांवरच्या जिवंत टाचण्या मोजायला. कुणीतरी तीन महिन्यांचं काम दिलं आहे. तिच्याशी मी बोलते, पण भाजीत मीठ थोडं जास्त घालते. तिला कळतं. खाते गुमान.

दुपारी सर खडा न्यायला आले. बूट दाराबाहेर काढले. क्रांती आतून वही घेऊन येऊन बसली, म्हणून हे जसंच्या तसं लिहिलं जातं आहे. मी डबी त्यांच्यापुढे सरकवली. कडं आणि गोफ सराफाकडे परत गेलेत, मी म्हणाले, खोट्याला मी गाठवत नाही.

सरांनी खडा खिडकीच्या उजेडाला धरला. माझ्या अंगठ्याच्या रेघा, आणि रेघांच्या मागे ती टाचणी, पाय पोटाशी घेऊन. कुणाच्या ओढ्यावरची, कुणी पकडलेली, कुणी निजवलेली, कोण जाणे. एवढ्या सगळ्या भांडणात तिच्यासाठी कुणीच चिडलं नाही. मी आता चिडले.

सर म्हणाले, कपाटात ठेवायला तरी बरा दिसला पाहिजे, गुजरीतून जाताना पॉलिशला टाकतो.

"पॉलिश करू नका सर," मी म्हणाले. "माझी सही हाय ती."